गळ, जाळे आणि धरणाचा दरवाजा



आज सामान्य काळातील तिसरा रविवार. संत मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू गालील सरोवराच्या काठाने चालला आहे. सिमोन पेत्र आणि आंद्रेया पाण्यात जाळे टाकीत आहेत. थोडे पुढे याकोब आणि योहान बापाबरोबर नावेत बसून जाळी नीट करीत आहेत. तो त्यांना हाक मारतो. आता माशांऐवजी माणसे धरायची, असे त्यांना सांगतो आणि ते उठून त्याच्यामागे जातात.

हा उतारा वाचला की प्रत्येक धर्मगुरूला आपल्या दीक्षेचा दिवस आठवतो. आम्हालाही आठवतो. यंदा मात्र 'माणसे धरणे' या शब्दांपाशी आम्ही अडखळलो आहोत. का, ते सांगण्यासाठी मासेमारीबद्दल थोडे बोलावे लागेल आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणी करायची आहे. तोवर धीर धरावा. मासे धरणाऱ्याला धीर लागतोच.

मे २०१४ मध्ये आम्ही हिमाचल प्रदेशात गेलो होतो. पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा मित्र तिकडे सेवा करीत होता. तो आम्हाला मंडी जिल्ह्यातील बरोट या गावी घेऊन गेला. तिथे ऊहल नदी अडवून तिचे पाणी डोंगरातून खाली शाननच्या वीजघराला दिले आहे. वीजघर १९३२ सालचे. गंमत अशी की आपल्या विश्रामबागेतील विलिंग्डन कॉलेज (स्थापना १९१९) ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच लॉर्ड विलिंग्डन त्या काळी व्हाइसरॉय होते. त्यांच्या आधीचे व्हाइसरॉय आयर्विन. त्यांचे नाव आपल्या पुलाला. सांगलीकराला कुठेही गेले तरी घरचे कोणीतरी भेटते, ते असे.

ऊहल नदीत ट्राउट मासा आहे. हा आपल्या देशाचा मूळ मासा नव्हे. साहेब लोकांना मायदेशाची आठवण येई, म्हणून त्यांनी त्याची अंडी बोटीने आणवली. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास तो रुजला, निलगिरीत १९०७ साली त्याचे पैदास केंद्र झाले आणि हिमाचलात १९०९ पासून त्याला नद्यांत सोडू लागले. त्याला थंड, वाहते, हवा खेळलेले पाणी लागते. आपल्या कृष्णेत तो एक उन्हाळाही काढणार नाही. आपल्याकडे गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांचा मानाचा मासा म्हणजे म्हसीर, आपला खडशी. सह्याद्रीतल्या नद्यांचा तो जुना रहिवासी. धरणांनी त्याच्या वाटा अडवल्या. टाटांच्या वीज कंपनीने मात्र लोणावळ्याच्या वळवण तलावावर १९७० च्या दशकापासून त्याची पिल्ले वाढवून सोडण्याचे काम चालवले, हेही सांगितले पाहिजे.

बरोटला आम्हाला एक साठीचे गृहस्थ मासे धरायला घेऊन गेले. आमची कल्पना अशी की गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची, तरंगा सोडायचा आणि बसून राहायचे. त्यांनी तसे काहीच केले नाही. गुडघाभर पाण्यात उतरून आधी दगड उलटे केले. दगडाच्या खालच्या बाजूला बारीक किडे चिकटलेले होते. पुढे तेच पंख फुटून पाण्यावर येतात. कोणता किडा, केवढा, कोणत्या रंगाचा, हे त्यांनी चष्मा वर करून पाहिले. मग डबीतून पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली, तशीच दिसणारी एक माशी काढली. माशी लावून मासा धरण्याचा हा प्रकार. आपल्याकडे माशी शिंकली की काम बिघडते, तिकडे माशीवाचून कामच होत नाही.

ही माशी इतकी हलकी की ती फेकता येत नाही. वजन दोरीला असते. दोरी मागे-पुढे झुलवून हवेत उलगडायची आणि माशी पाण्यावर अशी टेकवायची की जणू स्वतःच येऊन बसली. ट्राउट दगडाच्या आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि वाहत येईल ते टिपतो. त्याच्या अंगावर तुमची सावली पडली की संपले. आमची सावली पुष्कळदा पडली. दोन तासांत आम्हाला एकही मासा मिळाला नाही, त्यांना दोन मिळाले.

त्यातल्या दोन गोष्टी आमच्या मनात राहिल्या. पहिली त्यांच्या गळाची. गळाच्या टोकाला आतून एक उलटा काटा असतो. तोंडात शिरलेला गळ या काट्यामुळे निघत नाही, मासा जितका ओढतो तितका तो रुततो. त्यांनी तो काटा पकडीने दाबून सपाट केला होता. विचारले तर म्हणाले, "फादरजी, मासा सोडायचा आहे ना? मग त्याचे तोंड कशाला फाडायचे?" खरेच दोन्ही मासे त्यांनी सोडले. हात आधी ओला करून मासा पाण्यातच धरला, प्रवाहाकडे तोंड करून थोडा वेळ टेकवला आणि तो स्वतः निघून गेला.

दुसरी गोष्ट नदीची. काठावर पाटी होती की धरणातून पाणी केव्हाही सोडले जाईल, पात्रात उतरू नये. पाटी वाचून ते उतरले, कारण त्यांचे पोट त्या पात्रावर होते. पण उतरताना त्यांनी पाण्याच्या कडेचा एक कोरडा दगड आम्हाला दाखवला आणि सांगितले, हा दगड ओला झाला की हातातले सगळे टाकून वर पळायचे. आकाश निरभ्र होते. धरणाखालच्या नदीला ढगाची गरज नसते. वर कोणीतरी दरवाजा उचलतो आणि खाली पाणी वाढते. दरवाजा उचलणाऱ्याला खाली कोण उभे आहे ते दिसत नाही.

आम्ही परत आलो आणि महिनाभरातच, ८ जून २०१४ रोजी, त्याच मंडी जिल्ह्यात लारजी धरणातून बियास नदीत पाणी सोडले गेले. हैदराबादहून सहलीला आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी पात्रातल्या दगडांवर उभे होते. २४ विद्यार्थी वाहून गेले. ऊहल नदी पुढे त्याच बियासला मिळते. त्या रात्री बातमी पाहताना आम्हाला तो कोरडा दगड आठवत होता.

आता आपल्या नदीकडे येऊ. आपली कृष्णाही आज धरणाच्या हातची नदी आहे. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावते. त्यातले वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वीज करायला जाते आणि पुढे वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. उरलेल्यातले पायथ्याच्या वीजघरातून कोयना नदीत सुटते, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येते आणि मग आपल्या नळाला. २०२३ साली पाऊस कमी झाला, वरून पाणी सोडण्यावरून ओढाताण झाली, तेव्हा सांगलीत नदीचे पात्र कोरडे पडलेले आपण पाहिले. आणि २००५, २०१९, २०२१ या सालांबद्दल तुम्हाला काय सांगायचे? आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोयनेचा विसर्ग, वारणेचा विसर्ग, अलमट्टीचा फुगवटा, दोष कोणाचा यावर अजून वाद चालतात. पाणी मात्र कोणाचा धर्म विचारून घरात शिरले नव्हते.

विश्रामबागेची बाजू त्यामानाने उंचावर. त्यामुळे आपल्या सभागृहात तेव्हा नऊ दिवस लोक राहिले. तुम्ही सर्वांनी जे केले ते आम्ही विसरणार नाही. रात्री दोन वाजता चपात्या लाटणाऱ्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. त्या लोकांत नदीकाठच्या एका भोई कुटुंबाचा समावेश होता. नवरा, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी. घर गेले नाही, पण जाळी आणि होडी गेली. आपण त्यांना शिधा दिला, पांघरुणे दिली, मुलीची पुस्तके घेऊन दिली.

पूर ओसरल्यावर माय-लेकी काही रविवार मिस्सेला येऊन मागच्या बाकावर बसत. कोणी त्यांना बोलावले नव्हते. आम्हाला आनंद झाला. नुसता आनंद झाला असता तर बरे होते, आम्ही तो मोजला. वर्षअखेरीच्या अहवालात, इतक्या पूरग्रस्त कुटुंबांना मदत केली आणि त्यांपैकी इतकी उपासनेला येऊ लागली आहेत, असे एक वाक्य आम्ही स्वतःच्या हाताने लिहिले. पुढच्या काही महिन्यांत त्या येईनाशा झाल्या. आम्ही समजलो, गल्लीतल्या लोकांनी दबाव आणला असेल. 'आमिषाला भुलले' असे कोणीतरी त्यांना बोलल्याचे कानावरही आले होते. हा 'आमिष' शब्द आपल्याला वर्तमानपत्रांत आणि भाषणांत वारंवार ऐकावा लागतो. आम्ही दुखावलो आणि दोष बाहेरच्यांवर टाकून मोकळे झालो.

गेल्या वर्षी हरिपूरला संगमावर गेलो होतो. वारणा कृष्णेला मिळते त्या जागी संध्याकाळी बरे वाटते. तिथे ते गृहस्थ भेटले, जाळे धूत होते. आम्ही त्यांना मामा म्हणतो. होडी पुन्हा घेतली आहे, पण मासा राहिला नाही म्हणाले. मरळ कमी, वाम दिसत नाही, चिलापी तेवढा उदंड. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ नदीत माशांचा खच पडला होता, त्याची गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांच्या दृष्टीने ते मेलेले मासे म्हणजे पुढच्या दोन वर्षांची चूल होती. मग आम्ही विचारले, मामा, आमचे काही चुकले का? घरातले कोणी फिरकत नाही.

ते बराच वेळ जाळ्यातला कचरा काढीत राहिले. मग म्हणाले, "फादर, पुराच्या टायमाला तुमच्या मानसांनी केल्यालं मी मरंपत्तूर इसरनार न्हाई. पर पोरीचा फोटू कशापायी छापला?"

आम्हाला आधी उमगेना. मग उमगले. आपल्या याच पत्रिकेचा २०१९ चा नाताळ अंक. पुराच्या मदतकार्यावर चार पाने होती. त्यात शिध्याची पिशवी हातात घेतलेल्या त्या मुलीचा फोटो होता आणि खाली तिचे नाव होते. फोटो आम्ही काढला होता. तेव्हा ती हसली होती, म्हणून आम्ही विचारले नाही. अंक कोणाच्या तरी हातून तिच्या कॉलेजात पोचला. पोरांनी तिला त्या पिशवीवरून नाव पाडले. तिने वर्ष पुरे केले, पण तिचे कॉलेजला जाणे कसे झाले असेल ते तिच्या आईने मामांना सांगितले आणि मामांनी आम्हाला. मामा रागावले नव्हते. रागावले असते तर सोपे गेले असते.

बंधुभगिनींनो, आमिष आपण लावले नव्हते. हे आम्ही आजही कोणासमोरही सांगू. त्या चपात्यांत काही लपवलेले नव्हते. पण आम्ही त्यात एक उलटा काटा ठेवला होता आणि तो आम्हाला दिसला नाही, कारण तो गळ आमच्या तोंडात नव्हता. अहवालातले ते वाक्य हा काटा होता, फोटो हा काटा होता. आपल्या भाषेत 'गळ घालणे' म्हणजे एखाद्याच्या मागे लागून विनवणे. आम्ही तर कोणाला गळही घातली नव्हती. न घालताच तो रुतला.

आणि दरवाजा आमच्या हातात होता. घेणारा पात्रात उभा असतो आणि देणारा वर. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, वीज करायची असते, शेतीला पाणी द्यायचे असते. पण भोंगा न वाजवता दरवाजा उचलला की हेतू खाली पोचत नाही, पाणी पोचते. एक प्रश्न विचारायला आम्हाला दोन सेकंद लागले असते: "बाळ, फोटो छापू का?" सेमिनरीत कांट शिकताना आम्ही परीक्षेत पानभर लिहिले होते की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. त्या पेपरात गुण चांगले होते.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २५ डिसेंबर २००५ च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात, 'देव प्रीती आहे' या विषयावर लिहिताना, ३१ व्या परिच्छेदात अगदी स्पष्ट केले आहे की मदतकार्य हे दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचे साधन करता येत नाही; प्रेम हे काही साधण्यासाठी करायचे नसते. हे वाचून आपल्यापैकी काहींना वाटेल, मग आपण आपल्या श्रद्धेबद्दल बोलूच नये काय? तसे नाही. संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात सांगितले आहे की आपल्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असावे, तेही सौम्यपणे आणि आदराने. विचारले तर. पेत्र हा कोळी होता, त्याला सावली पडण्याचे परिणाम माहीत असावेत.

आता आजच्या शुभवर्तमानाकडे पुन्हा पाहा. प्रभूने ज्यांना बोलावले ते जाळेवाले होते. जाळ्याला आमिष नसते. चारही शुभवर्तमानांत गळ फक्त एकदाच येतो, मत्तयच्या सतराव्या अध्यायाच्या शेवटी. मंदिराचा कर मागणारे लोक कफर्णहूमला पेत्राला गाठतात. आपण पुत्र आहोत, आपल्याला तो द्यावा लागू नये, हे येशू त्याला समजावतो. पण त्या लोकांना उगीच अडथळा होऊ नये म्हणून पेत्राला समुद्रावर गळ टाकायला पाठवतो. पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे निघते, बरोबर दोघांच्या कराएवढे. आम्ही या प्रसंगाला बरीच वर्षे एक गमतीदार चमत्कार समजत होतो. आता त्यातला एक तपशील डोळ्यांपुढून हलत नाही. त्या गळाने प्रभूला आणि पेत्राला काही मिळाले नाही. त्याने एक देणे फिटले, आणि तेही समोरच्याचे मन दुखू नये म्हणून.

आमच्याकडे एक देणे होते. मामा म्हणाले, "मला सांगून काय उपेग? तिला सांगा." मुलगी आता पुण्याला नोकरी करते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या आई-वडिलांच्या संमतीने आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. आम्ही जे सांगायचे ते सांगितले. तयारी करून गेलो होतो, तरी वाक्ये नीट लागली नाहीत. तिने ऐकून घेतले. क्षमा केली असे ती म्हणाली नाही आणि आम्ही तिला ते म्हणायला लावले नाही. तिने एवढेच विचारले, "फादर, ते अंक अजून किती शिल्लक आहेत?"

आम्हाला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयातले कपाट उघडले. एक्केचाळीस निघाले. ते आता कपाटात नाहीत. पण त्या वर्षी आपण तीनशे अंक छापले होते, आणि नाताळ अंक पुष्कळ घरांत जपून ठेवलेला असतो, हे आम्हाला माहीत आहे.

यापुढे आपल्या धर्मग्रामाच्या मदतकार्यात घेणाऱ्याचा फोटो काढला जाणार नाही आणि कोणाचे नाव छापले जाणार नाही. मदतीची वही राहील, कारण हिशेब द्यावा लागतो, पण त्या वहीत मिस्सेला कोण आले याचा रकाना असणार नाही. धर्मग्राम परिषदेने हे या महिन्याच्या बैठकीत मान्य केले आहे. पावसाळ्याला चार महिने आहेत. तेव्हा पुन्हा कोयनेच्या आकड्यांकडे आपले डोळे लागतील आणि सभागृहही उघडावे लागेल कदाचित.

आता मागणी. ज्यांच्या घरी २०१९ चा नाताळ अंक असेल त्यांनी तो कृपया आणून द्यावा. आपल्या मुलाचे गीत किंवा घरातल्या कोणाच्या विवाहाचा फोटो त्यात असेल तर ते पान कापून ठेवून घ्यावे, बाकीचा अंक द्यावा. कार्यालय सकाळी दहा ते एक उघडे असते. ज्यांना तेव्हा जमणार नाही त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सेनंतर दाराशी ठेवलेल्या टोपलीत टाकला तरी चालेल. मुलगी ईस्टरला घरी येणार आहे. तोवर आमच्या हाती किती अंक आले ते तिला सांगायचे आहे.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू